एकेचाळीस नंबरची शेपटी

ह्यूम नावाचा माणूस आमच्या प्रयोगशाळेत आला आणि त्यानं सगळ्यात आधी माझ्या नोंदवहीचा वास घेतला. टेबलावर सात वह्या ओळीनं मांडल्या होत्या. त्यातली अठ्ठ्याहत्तर सालची उचलून त्यानं मधोमध उघडली आणि तिच्यात नाक खुपसलं. मी टोपी हातात धरून दारात उभा होतो.

"डिझेल," तो म्हणाला.

"मग काय, गुलाबपाणी यायला हवं होतं?"

"नाही, ठीक आहे. वही बोटीवर होती एवढं तरी कळलं." आणि तेवढंही त्यानं खिशातल्या छोट्या वहीत टिपून घेतलं.

वही बोटीवर होती. वही लिहिणारा बोटीवर होता का, हे त्याला अजून ठरवायचं होतं. लिहिणारा म्हणजे मी, थर्लो बील. प्रयोगशाळेच्या बोटीचा कप्तान आणि त्याआधी पस्तीस वर्षं समुद्रात शेवंडांचे, म्हणजे लॉबस्टरचे, पिंजरे टाकणारा.

त्याला दोष देत नाही. संशय आमच्या हवेतच आहे. अमेरिकेतल्या मेनच्या या किनाऱ्यावर वर्षातले साठ दिवस धुकं असतं, आणि समोरचं दिसेनासं झालं की तिथं काहीतरी वाईटच असणार असं धरून माणूस बोट चालवतो. तीच सवय मग जमिनीवरही लागते. बहात्तर साली ग्रिंडल बंदरातला बंद पडलेला तारली माशांचे डबे भरायचा कारखाना एका नव्या कॉलेजानं घेतला, तेव्हा धक्क्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. विद्यार्थी सत्तावीस, मास्तर पाच, आणि परीक्षा नाही.

"परीक्षा घेत नाहीत म्हणजे काहीतरी लपवतायत," असं ऑरिन पिंकमचं मत पडलं. ऑरिन माझा शाळेपासूनचा दोस्त. माझ्या लग्नात माझ्या शेजारी अंगठी घेऊन उभा राहिलेला तोच.

त्यात मिरियम टॅलकॉटबाई आल्या, त्या पाच मास्तरांतल्याच एक. उंच, वाळक्या, पुरुषाचे बूट घालणाऱ्या. आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात अठ्ठावन्न फुटी मेलेला देवमासा आमच्या खडीच्या दांड्यावर येऊन लागला. अशा वेळी काय करायचं हे आमच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. दोर बांधायचा, ओढत न्यायचा आणि शेजारच्या बंदराच्या तोंडाशी सोडून द्यायचा. पण बाईंनी तो मागून घेतला. त्यांच्या पोरांनी तीन आठवडे तो कापला, हाडं घोड्याच्या लिदीत पुरली, किडे-मुंग्यांनी ती वर्षभरात साफ केली. त्या वर्षीच्या वासानं चर्चच्या घंटेवर जो हिरवा डाग पडला तो अजून आहे. आणि उन्हाळी पाहुण्यांपैकी एक म्हातारी तर वासानं बेशुद्ध पडली ती शुद्धीवर येताना फ्रेंच बोलत उठली. पण सांगाडा असा काही उभा राहिला की विचारू नका. जिथं माझी बहीण व्हर्ना एकतीस वर्षं कात्रीनं तारल्यांची डोकी उडवून डबे भरत होती, त्याच दालनात तो छताला टांगला. देवमाशांची प्रयोगशाळा म्हणतात ती हीच.

काम तसं सोपं. कुबडा देवमासा खोल बुडी मारताना शेपटी पाण्याबाहेर उचलतो. त्या शेपटीच्या खालच्या अंगाला काळंपांढरं असतं, ओरखडे असतात, कडेला चावे असतात, आणि दोघांचं कधी सारखं नसतं. फोटो काढायचा, कार्डावर चिकटवायचा, जुन्या कार्डांशी ताडून बघायचा. जुळला तर ओळखीचा, नाही जुळला तर नवा नंबर. पांढऱ्याफेक शेपट्या वरच्या खणात, काळ्याकुट्ट खालच्या खणात. आणि बाईंचा नियम असा की दोन माणसांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, तोच नंबर सांगितला पाहिजे. तरच नोंद.

व्हर्ना तिथं झाडलोट करायला लागली होती. एके दिवशी केरसुणी टेबलाला टेकवून ती म्हणाली, "हे दोन नाहीत हो, एकच आहे. कान बघा त्याचा." शेपटीच्या टोकाला ती कान म्हणायची. बाईंनी भिंग लावून बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून केरसुणी विद्यार्थ्यांच्या हातात गेली. आठवी शिकलेली बाई, पण एकतीस वर्षांत तिच्या डोळ्यांखालून काही कोटी मासे गेले होते. मला सगळे मासे सारखे दिसतात असं ती कधीच म्हणाली नाही.

मी प्रयोगशाळेत गेलो चौऱ्याहत्तर साली. पाठ गेली होती, पिंजरे ओढवत नव्हते. बाईंना बोट हवी होती आणि बोट हाकणारा हवा होता. धक्क्यावर मला समजावणारे खूप निघाले.

"आज देवमासे मोजतायत. उद्या तुझे पिंजरे मोजतील, परवा तुला," ऑरिन म्हणाला.

"मला मोजायला बोटं पुरतील."

"हसतोस काय लेका. देवमासा दोरात अडकला की बोंब कुणाच्या नावानं होणार? आपल्याच ना?"

मी गेलो तरी. आणि तिथं गेल्यावर मी एक गोष्ट केली, जी मी आयुष्यात कुठंच केली नव्हती. वहीत जे दिसलं तेवढंच लिहिलं. तारीख, वेळ, जागा, वारा, किती देवमासे, कोणी फोटो काढला. बस्स. बाकी वेळी माझं बोलणं सैल आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. वही वेगळी.

हे ह्यूमला कोण सांगणार? तो आला एक्याऐंशीच्या जूनमध्ये. अटलांटिकच्या कडेकडेच्या सहा प्रयोगशाळांनी आपापल्या शेपट्या एकत्र करून एकच ग्रंथ छापायचं ठरवलं होतं. कुणाचं काम ग्रंथात घ्यायचं, कुणाचं नाही, हे तपासायला या डॉक्टर प्रेस्कॉट ह्यूमला पाठवलं होतं. वय तिशीचं, शर्टाची वरची गुंडी लावलेली, आणि कोणी काही बोललं की आधी वहीत लिहायचा, मग उत्तर द्यायचा.

पहिल्या संध्याकाळी व्हर्नानं त्याला जेवायला बोलावलं. हॅडॉक माशाचं, दूध घातलेलं सूप, बटाटे, वर ब्लूबेरी भरलेली गोड पाई. माणूस गप्प बसून जेवतोय म्हटल्यावर मला राहवेना. पाहुण्याची करमणूक करणं आमच्याकडे घरच्या पुरुषाचं काम असतं.

"माझा मामा झेनास डावरा होता," मी सुरू केलं. "इथल्या सगळ्या बोटींवर पिंजरा ओढायचं चाक उजव्या कठड्याला. यानं बसवलं डाव्या. तीस वर्षं डाव्या अंगानं ओढून बोट अशी कलली की सरळ जाईचना. सकाळी निघायची आणि गोल फिरून दुपारी पुन्हा धक्क्याला लागायची. बिचारा शेजारचं बंदर न बघताच वारला."

व्हर्नानं माझ्याकडे पाहिलं. ह्यूमनं चमचा खाली ठेवला आणि वही काढली.

"डावीकडून ओढणाऱ्या बोटीही आहेत तर," तो म्हणाला. "मला हे माहीत नव्हतं."

"आहेत थोड्या," मी म्हणालो. आता पाई खाताना कोण आपली गोष्ट मागे घेतो?

तिसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावलं. टॅलकॉटबाई खिडकीशी उभ्या होत्या, हाताची घडी घालून. व्हर्ना बाजूला कार्डं लावत होती. टेबलावर दोन फोटो शेजारीशेजारी.

"एकेचाळीस नंबर," ह्यूम म्हणाला. "दोन्हीत. शेपटीच्या डाव्या पाकळीवर पांढरा डाग, कडेला चावा. तुमच्या इथं दोघांनी वेगवेगळं ताडून तेच सांगितलंय. बरोबर?"

"नंबर मी लावत नाही. मी बोट नेतो."

"हा तुमच्या बोटीवरचा. एकोणीस ऑगस्ट अठ्ठ्याहत्तर, सकाळी दहा वीस, गॅनेट खडक. वहीत अक्षर तुमचं?"

"माझंच."

"आणि हा मी बरोबर आणलाय. दक्षिणेच्या प्रयोगशाळेचा. तीच तारीख. दहा पंचेचाळीस. सत्तर मैल खाली." त्यानं पेन फोटोंच्या मधोमध ठेवलं. "पंचवीस मिनिटांत सत्तर मैल. देवमाशाला विमान लागेल, कॅप्टन."

"त्यांची वही चुकली असेल."

"त्यांच्या बोटीवर त्या दिवशी अकरा माणसं होती. तुमच्या बोटीवर?"

मी आणि एक विद्यार्थिनी. ती पुढं ऑस्ट्रेलियात गेली आणि पत्रांना उत्तर देत नव्हती.

"निगेटिव्ह?" त्यानं विचारलं.

"त्या वर्षाच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "पुढच्या जानेवारीच्या वादळात समुद्र तळघरात शिरला. त्या वर्षाची पेटी खाली होती."

"सोयीचं वादळ," ह्यूम म्हणाला. मग मान खाली घालून, "माफ करा, तसं म्हणायचं नव्हतं." पण तसंच म्हणायचं होतं.

त्याचं म्हणणं त्यानं स्वच्छ सांगितलं. मी त्या दिवशी गॅनेटला गेलोच नव्हतो. धक्क्यावर बसून जुन्या एखाद्या फोटोला नवी तारीख लावली असावी. आणि एक दिवस असा निघाला तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? प्रयोगशाळेचे अकराशे फोटो माझ्या वह्यांवर उभे होते. सोमवारी तो निघणार होता. तोवर उलगडा झाला नाही तर अकराशेच्या अकराशे ग्रंथाबाहेर. मग बाईंच्या नऊ वर्षांच्या कामातून उरणार काय, तर छताला टांगलेली हाडं.

तो बाहेर गेल्यावर बाई म्हणाल्या, "थर्लो, मला एकच सांगा. तुम्ही गेला होतात ना?"

सात वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. चूक कुणाची हे कळायच्या आधीच मला कळलं की काहीतरी मोडलंय.

"गेलो होतो, डॉक्टरबाई."

"बरं," त्या म्हणाल्या. 'बरं' म्हणजे काय, ते मी अजूनही ठरवतोय.

मग माझं संशयाचं दुकान सुरू झालं. आधी ह्यूम. त्याची स्वतःची प्रयोगशाळा असेल, आमचे देवमासे त्याला हवे असतील. त्याच्या भाड्याच्या गाडीत पाहिलं तर फक्त रेनकोट आणि सफरचंदं. मग विद्यार्थी. दाढीवाला एक जण होता, तो कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नसे. दोन दिवस त्याच्यावर पाळत ठेवली, तेव्हा कळलं की पोराला ग्रंथालयातल्या मुलीचं वेड लागलंय. मग ऑरिन. दोन वर्षं तो माझ्याशी बोलत नव्हता. रस्त्यात दिसलो की दुसऱ्या कडेला जायचा. त्यानं कार्डं बदलली असतील का? पण ऑरिनला या इमारतीत पाय ठेवायला लावणं म्हणजे मांजराला पोहायला लावणं.

शेवटी व्हर्नावर आलो. दोन दिवस ती कामावर आली नव्हती. डोकं दुखतंय म्हणे. या बाईचं डोकं एकोणीसशे त्रेचाळीसनंतर दुखलं नव्हतं. शनिवारी सकाळी मी तिच्याकडे गेलो. ती पडवीत बसून शेंगा निवडत होती.

"तुला काय माहीत आहे?" मी विचारलं.

"बस आधी."

"बसत नाही. तुला काहीतरी माहीत आहे."

तिनं शेंगांचं भांडं बाजूला केलं. "तो फोटो मी छापलेला आहे. त्या ऑगस्टात डार्करूममधली पोरगी बहिणीच्या लग्नाला गेली होती ना, तेव्हा दोन आठवडे मीच छापत होते. मला कुणी धड शिकवलंही नव्हतं." तिनं हात पुसले. "ह्यूमनं तो टेबलावर ठेवला तेव्हा मी बघितला, थर्लो. पहिल्यांदाच नीट बघितला. तीन वर्षं आम्ही सगळ्यांनी त्यातली शेपटीच बघितली."

"मग?"

"चल, दाखवते."

ह्यूम आणि बाई दोघेही प्रयोगशाळेतच होते. व्हर्नानं फोटो खिडकीत धरला आणि एका कोपऱ्यावर नख टेकवलं. शेपटीच्या मागं, लांब, नखाएवढी एक शेवंडांची बोट होती. नाक डावीकडे. आपल्या बाजूच्या कठड्यावर पिंजरा आणि त्यावर वाकलेला माणूस.

"नाक डावीकडे आहे, आणि माणूस आपल्या अंगाला आहे," ती म्हणाली. "म्हणजे तो डाव्या कठड्यावरून ओढतोय. असं कोणी ओढत नाही, डॉक्टर. चाक सगळ्यांचं उजवीकडे. माझा बाप, त्याचा बाप, सगळे." मग तिनं पर्समधून पावडरचा आरसा काढला आणि फोटोसमोर धरला. आरशात बोट उजवीकडे निघाली होती, माणूस उजव्या कठड्यावर होता, आणि शेपटीचा पांढरा डाग उजव्या पाकळीवर.

"निगेटिव्ह मी उलटी घातली," व्हर्ना म्हणाली. "हा एकेचाळीस नाहीच. आरशात एकेचाळीससारखा दिसणारा दुसराच देवमासा आहे."

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. दोन दिवस ही का बोलली नाही, हे मला तेव्हा समजलं. तिनं छापलेले सगळेच फोटो आता संशयात येणार होते.

ह्यूमनं आरसा घेतला, भिंग घेतलं. पंधरा मिनिटं खणांची उघडझाप केली. उलटी करून धरलेली शेपटी कुठल्याच कार्डाशी जुळेना.

"म्हणजे हा नवा देवमासा," तो म्हणाला. "आधी कुणी पाहिला नाही, नंतर कुणी पाहिला नाही. फक्त तुम्ही."

"होतं तसं," मी म्हणालो.

"होतं." तो आपल्या छोट्या वहीची पानं मागं उलटायला लागला. "पण डावीकडून ओढणाऱ्या बोटी इथं आहेत. थोड्या. पंधरा जून, रात्रीचं जेवण, कॅप्टन बील. मामा झेनास. मग हा फोटो उलटाच कशावरून?"

व्हर्नानं माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी जेवताना पाहिलं होतं तसंच.

पासष्ट वर्षांत मी ज्या गोष्टी सांगितल्या त्यातली एकही मी कुणासमोर मागं घेतली नव्हती. बाप मरताना त्यानं मला विचारलं होतं की त्याची नवी छत्री खरंच गरुडानं नेली का, तेव्हाही मी हो म्हणालो होतो.

"झेनास नव्हता," मी म्हणालो.

"नव्हता म्हणजे?"

"मामा नव्हता. बोट नव्हती. मी रचलं ते."

ह्यूमनं लिहिलं. मग पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, हेच वाईट होतं. "कॅप्टन, माझी अडचण बघा. तुम्ही खोटं बोललात हे खरं धरलं, तर वही खरी आहे यासाठी माझ्याकडे पुन्हा तुमचाच शब्द उरतो."

व्हर्ना म्हणाली, "अरे मग धक्क्यावर जाऊन बघा ना. डोळे आहेत की."

तो गेला. रविवारी आमच्याकडे पिंजरे ओढत नाहीत, त्यामुळं सकाळी सगळ्या बोटी जागेवर होत्या. ह्यूम वही घेऊन एकेका बोटीपाशी थांबायचा, चाक बघायचा, खूण करायचा. मी चार हात मागं. चर्चच्या आधी कॉफी प्यायला जमलेले लोक कप हातात धरून बघत होते.

"आता बोटी मोजायला लागले," कोणीतरी म्हणालं.

"सांगितलं नव्हतं?"

"त्याच्या वहीत नाव आलं की संपलं. ए, तुझी बोट वळव तिकडं."

अडतीस बोटी. अडतीस चाकं उजवीकडे. ह्यूमनं आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली, आणि समाधान काही झालं नाही. आज नाही म्हणजे तीन वर्षांपूर्वी नव्हती असं थोडंच? शेवटच्या बोटीवर ऑरिन होता. जाळीच्या पिशव्यांत खारवलेले हेरिंग मासे भरत होता, सोमवारच्या आमिषासाठी. हात कोपरापर्यंत मिठात.

"साहेब, या बंदरात डावीकडून ओढणारं कोणी कधी होतं का?" ह्यूमनं विचारलं.

ऑरिननं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला त्या चेहऱ्यावरचं सगळं वाचता येत होतं. एक शब्द, 'हो', आणि मी संपलो असतो. त्याला तो शब्द बोलायला काही लागलं नसतं. धक्क्यावरचे सगळे हसले असते.

"तुम्हाला कशाला हवंय?" त्यानं विचारलं.

ह्यूमनं सांगितलं. चांगलं सांगितलं, काही न लपवता. वही, फोटो, सत्तर मैल, सोमवार. मामाचंही. मामाचं आलं तेव्हा मागं कुणाच्या तरी कपातली कॉफी सांडली.

ऑरिननं पिशवीचं तोंड आवळलं. "याच्या आईला भाऊ नव्हता. चार बहिणी. हा जमिनीवर उभा असला की मी याला वेळही विचारत नाही. माझ्या बायकोच्या केकनं होडी बुडाली असं यानं तीन गावांत सांगितलंय." मग हात झटकला. "एकोणऐंशीची वही आहे तुमच्याकडे?"

"आहे. प्रयोगशाळेत."

"जुलै उघडा. देवमासा दोरात अडकलेला. ह्यांची पोरं सोडवायला गेली होती. दोराला लाकडी बोया होता. त्याचे रंग काय लिहिलेत बघा."

आमच्या किनाऱ्यावर बोयाला, म्हणजे पिंजऱ्याच्या दोरावरच्या तरंगत्या खुणेला, प्रत्येकाचे आपापले रंग असतात. बापाचे रंग पोराकडे जातात. रंग लिहिले म्हणजे नाव लिहिलं.

"काय लिहिलेत?" ह्यूमनं विचारलं.

"नारिंगी, मधे काळा पट्टा. माझे. माझ्या बापाचे." ऑरिनचा आवाज चढला नाही. "त्या उन्हाळ्यात सरकारी माणसं दोनदा आली माझे दोर तपासायला. लोक मला देवमासेमाऱ्या म्हणाले. हा माझा दोस्त होता. 'रंग दिसले नाहीत' असं लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? बोटीवर दोन पोरं होती, त्यांना नारिंगी काय आणि जांभळा काय." त्यानं दुसरी पिशवी उचलली. "याला वहीत खोटं लिहायचंच असतं, तर त्या दिवशी लिहिलं असतं."

ह्यूम बराच वेळ लिहीत नव्हता. मग त्यानं लिहिलं. आणि मग प्रयोगशाळेत जाऊन जुलै उघडला. तो उघडणारच होता, तो तसाच माणूस होता. वीस जुलै, नारिंगी, काळा पट्टा, दोर कापून देवमासा सुटला, पाच पंचवीस.

मी मात्र धक्क्यावरच राहिलो.

"बोलायला लागलास म्हणजे," मी ऑरिनला म्हणालो.

"त्याच्याशी बोललो. तुझ्याशी नाही." आणि त्यानं हेरिंगची पाटी माझ्या बुटापाशी अशी ठेवली की मला बाजूला व्हावंच लागलं.

सोमवारी जाताना ह्यूमनं माझ्या सातही वह्या ग्रंथासाठी मान्य केल्या. व्हर्नाच्या त्या दोन आठवड्यांतले चौतीस फोटो मात्र त्यानं वेगळे काढले आणि एकेक आरशात धरून तपासायला सांगितले. तिनं ते सगळे तपासले. आणखी दोन उलटे निघाले, ते तिनं स्वतःच बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्या ऑगस्टातल्या शेपटीला नवा नंबर मिळाला, सहाशे एकेचाळीस. बाईंनी मला पुन्हा कधी 'तुम्ही गेला होतात ना' असं विचारलं नाही. पण वही परत ठेवताना कधीकधी त्यांचा हात तिच्यावर जरा जास्त वेळ राहायचा, तेव्हा मला वाटायचं, वास घ्यायचा विचार तर नाही?

गावात मात्र माझी पत गेली. झेनास नव्हता हे मी कबूल केलं म्हटल्यावर लोकांनी गरुडावर संशय घेतला, चर्चच्या घंटेवर घेतला, केक आणि होडीवरही घेतला. ऑरिनच्या बायकोनं तर मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "आता होडीचंही सांगून टाक." मी सांगितलं नाही. होडी खरोखर बुडाली होती.

दोन वर्षांनी, सप्टेंबरात, गॅनेटपासून मैलभरावर एक देवमासा वर आला. माझ्याबरोबरचा विद्यार्थी उलटी करायला पलीकडच्या कठड्याला गेला होता आणि कॅमेरा त्याच्या गळ्यात. देवमाशानं शेपटी उचलली, माझ्यासमोर, वीस हातांवर. उजव्या पाकळीवर पांढरा डाग. कडेला चावा. पाणी निथळेपर्यंत ती तशीच राहिली आणि मग गेली. पोरगा तोंड पुसत आला तेव्हा नुसतं सपाट पाणी होतं.

त्या संध्याकाळी व्हर्नाच्या स्वयंपाकघरात मी बटाटे सोलत होतो.

"पोरगा सांगत होता, तू गॅनेटजवळ काहीतरी बघितलंस," ती म्हणाली. "तोच होता ना रे? सहाशे एकेचाळीस?"

"फोटो नाही."

"मी तुला विचारतेय, वहीला नाही."

मी बटाट्याचा डोळा काढला. तिच्या त्या फोटोला दुसरा साक्षीदार मिळाला असता तर तिला काय वाटलं असतं, हे मला माहीत होतं. आणि मी 'हो' म्हणालो असतो तर उद्या सकाळी ती बाईंना सांगणार, बाई मला विचारणार, आणि मग वही उघडून मी काय लिहिलंय ते बघणार.

"धुकं होतं गं," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता. मग तिनं सोललेले बटाटे पाण्यात टाकले.

वहीत मी दुपारीच लिहून ठेवलं होतं. आकाश निरभ्र, वारा नैर्ऋत्येचा, हलका. दहा मैलांपर्यंत स्पष्ट. एक देवमासा. फोटो नाही. ओळख पटलेली नाही.